‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ : एका जहाजाचा सर्व्हे रिपोर्ट

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा संगणकावरचा खेळ सुरू होतो तो एका कामाच्या आदेशाने. १८०२ साली दोनशे टनांहून अधिक माल घेऊन लंडनहून पूर्वेकडे निघालेले ‘ओब्रा डिन’ हे व्यापारी जहाज सहा महिने उलटले तरी केप ऑफ गुड होपला पोहोचले नाही, म्हणून ते समुद्रात हरवल्याचे जाहीर झाले. आणि आता, १४ ऑक्टोबर १८०७ च्या पहाटे, ते फाटक्या शिडांनिशी, माणसाचा मागमूस नसताना, इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात वाहत येऊन लागले आहे. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयाचे विमा निरीक्षक आहात, तेव्हा जहाजावर जाऊन नुकसानीचा अहवाल तयार करा, एवढेच त्या आदेशात म्हटलेले आहे. माझे वडील एकतीस वर्षे इंदुरात विम्याच्या दाव्यांचे सर्व्हेअर होते. कापड बाजारातल्या आगी, बायपासवर उलटलेले ट्रक, पावसात भिजलेले सोयाबीन, असे सगळे पाहण्यात त्यांचा जन्म गेला. मी लॅपटॉपवर हा आदेश वाचत होतो तेव्हा ते मागे चहाचा कप घेऊन उभे होते. “अरे, हे तर माझंच काम आहे,” असे म्हणून त्यांनी खुर्ची ओढली, आणि पुढच्या अकरा संध्याकाळी आमच्या रामबागेतल्या घरात हा खेळ आम्ही दोघांनी मिळून खेळलो. माऊस माझ्या हातात होता आणि वही त्यांच्या हातात.

हे परीक्षण त्यामुळे थोडे त्यांचेही आहे. खेळातले रहस्य न फोडता जेवढे सांगता येईल तेवढेच सांगतो, कारण हा खेळ आयुष्यात एकदाच खेळता येतो. उत्तरे कळली की संपले. पहिला प्रसंग मात्र सांगावाच लागेल, नाहीतर खेळाची रीत समजणार नाही.

खेळाचा कर्ता लुकास पोप हा जपानमध्ये राहणारा अमेरिकन माणूस आहे. २०१३ साली त्याने ‘पेपर्स, प्लीज’ नावाचा एक खेळ केला होता, ज्यात आपण एका काल्पनिक राष्ट्राच्या सीमेवर बसून येणाऱ्यांचे कागद तपासतो. कागद, शिक्के आणि नोंदी यांतून माणसांची गोष्ट सांगण्याचा त्याचा नाद तेव्हाच दिसला होता. ‘ओब्रा डिन’वर त्याने चार वर्षांहून अधिक काळ काम केले, संगीतही स्वतःच रचले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तो संगणकासाठी आणला; स्विच, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या खेळयंत्रांसाठी तो वर्षभराने आला. २०१९ मध्ये खेळाची रचना आणि कलात्मक कामगिरी या दोन्हींसाठी त्याला बाफ्टा ही ब्रिटिश पारितोषिके मिळाली.

होडीवाला आपल्याला जहाजापाशी आणून सोडतो. सोबत एक पेटी असते, तीत एक वही आणि एक खिशातले घड्याळ. वहीत जहाजाचा नकाशा आहे, प्रवासाचा मार्ग आहे, जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली सर्वांची रेखाचित्रे आहेत, आणि साठ जणांची यादी आहे, जीत प्रत्येकाचा क्रमांक, नाव, हुद्दा आणि मूळ देश दिलेला आहे. चेहरे एकीकडे, नावे दुसरीकडे; कोणता चेहरा कोणाचा, हे कुठेही लिहिलेले नाही. ते शोधणे हेच काम. प्रत्येकाच्या बाबतीत तीन रकाने भरायचे: हा कोण, त्याचे काय झाले, आणि कोणी केले.

घड्याळाचे काम विलक्षण आहे. एखाद्या मृतदेहापाशी ते उघडले की प्रथम पडदा काळा होतो आणि त्या माणसाच्या मरणापूर्वीचे काही क्षण केवळ ऐकू येतात. नंतर मृत्यूचा नेमका क्षण जागच्या जागी गोठून समोर उभा राहतो, आणि त्या गोठलेल्या क्षणात आपण चालत फिरू शकतो. कप्तानाच्या खोलीच्या दाराशी पडलेल्या सांगाड्याजवळ आपण हे पहिल्यांदा करतो: दार उघड म्हणून बाहेरून ओरडणारे आवाज, आतून एक उत्तर, मग पिस्तुलाचा बार. पडदा उजळतो तेव्हा गोळी लागून कोसळणारा माणूस, त्याच्या मागचे साथीदार, दारातला हात आणि बंदुकीचा धूर, असे सगळे हवेत थबकलेले असते. आपण त्या धुराभोवती प्रदक्षिणा घालतो, मागच्या माणसाच्या हातात काय आहे ते वाकून पाहतो, आणि पुढे जातो. हालचाल नसलेल्या या दृश्यांत जी धग आहे ती धावपळीच्या कित्येक खेळांत मला आजवर जाणवलेली नाही.

बाबांना यातले एक तत्त्व पहिल्याच संध्याकाळी कळले, जे मला समजायला तीन दिवस लागले. मी संवाद लक्ष देऊन ऐकत होतो, कोणी कोणाला नावाने हाक मारतो का ते पाहत होतो, आणि तशी नावे फार थोडी मिळत होती. बाबा मात्र मरणाऱ्या माणसाकडे पाहतच नव्हते. ते मला सारखे सांगायचे की मागे कोण उभे आहे ते दाखव, कोपऱ्यात कोण जेवतो आहे, कोणाच्या अंगावर कोणता कोट आहे, कोण कोणाच्या जवळ उभा राहतो. त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. कापड बाजारातल्या एका गोदामाला आग लागली होती, आणि मालकाने जितके तागे जळाल्याचे लिहून दिले होते तितके तागे त्या गोदामात मावतच नाहीत, हे बाबांनी राखेला हात न लावता केवळ भिंती मोजून सिद्ध केले होते. शिवाय घट्ट बांधलेला गठ्ठा बाहेरून करपतो, आतून शाबूत राहतो, हे त्यांना ठाऊक होते आणि मालकाला नव्हते. ‘ओब्रा डिन’ नेमका याच नजरेची परीक्षा घेतो. घटना पाहायची नसते, घटनेच्या भोवतीची जागा पाहायची असते.

उच्चारावरून माणूस ओळखणे हाही यातला मोठा भाग आहे. यादीत इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, रशिया, स्वीडन, फोर्मोसा (आजचे तैवान), चीन, पर्शिया, भारत असे देश आहेत, आणि एखाद्याने काळ्या पडद्यावर उच्चारलेली दोन वाक्ये त्याचा देश सांगून जातात. पुण्याला मावशीकडे गेलो की माझे दुसरे वाक्य पुरे होण्याआधी समोरचा विचारतो, “इंदूरचे का?” त्यामुळे ही युक्ती मला परकी वाटली नाही. मात्र ज्याचा कान इंग्रजीच्या निरनिराळ्या लकबींना सरावलेला नाही त्याला इथे खरीच अडचण येईल. आयरिश माणूस कोणता आणि स्कॉटिश कोणता, यावर आमच्या घरात दोन संध्याकाळी वाद झाला आणि शेवटी दोघेही चुकलो. खेळ हिंदीत किंवा मराठीत नाही. संवादांची अक्षरे वाचता येतात, पण अक्षरांना लकब नसते. हेडफोन लावून खेळावे हे बरे, फक्त आम्हा दोघांमध्ये एकच जोडी होती, तेव्हा डावा कान माझा आणि उजवा बाबांचा अशी वाटणी झाली.

उत्तरे तपासण्याची पद्धत हा या खेळाचा कणा आहे. एकेका माणसाचे उत्तर बरोबर की चूक हे खेळ सांगत नाही. कोणत्याही तिघांची माहिती पूर्णपणे बरोबर भरली गेली, की त्या तीन नोंदी हस्ताक्षरातून छापील अक्षरांत बदलतात आणि कायमच्या पक्क्या होतात. एकाच्या बाबतीत अंदाज ठोकून पाहणे यामुळे निरर्थक होते, आणि दोन उत्तरांची खात्री असताना तिसरे चाचपून पाहणे शक्य राहते. म्हणजे कर्त्याने अंदाजाचे दार बंद केलेले नाही, अरुंद केले आहे. माहिती पुरेशी जमेपर्यंत रेखाचित्रातला चेहरा धूसर राहतो, आणि ओळखण्याची वेळ झाली की स्पष्ट होतो. प्रत्येक चेहऱ्याखाली त्रिकोणांच्या खुणांनी कठीणपणाही दाखवला आहे. अडकून बसलेल्या खेळाडूला एवढी मदत पुरते, आणि कोणी हात धरून चालवते आहे असेही वाटत नाही. पहिले तिघे छापील झाले तेव्हा घंटेसारखा जो सूर वाजला, त्यावर बाबांनी टाळी दिली. हे त्यांनी माझ्या दहावीच्या निकालाला केले नव्हते.

दिसायला हा खेळ आजच्या कोणत्याही खेळासारखा नाही. त्रिमितीय जहाज आहे, पण रंग दोनच, काळा आणि पांढरा; मधली करडी छटासुद्धा नाही. छटा हवी तिथे ठिपक्यांची दाटी कमी-जास्त केलेली आहे, जुन्या वर्तमानपत्रांत ब्लॉक करून छापलेली छायाचित्रे असत तशी. अशा ठिपक्यांची अडचण ही की आपण मान वळवली की ते सगळे सळसळू लागतात आणि डोळ्यांना त्रास होतो. पोपने ठिपक्यांची जाळी नजरेच्या हालचालीला बांधून ही सळसळ पुष्कळ अंशी काबूत आणली आहे. पुष्कळ अंशी म्हणतो, पूर्ण नव्हे. दाट धुके, पाऊस किंवा दोरखंडांचे जंजाळ समोर असले की तासाभराने माझे डोळे चुरचुरत, आणि बाबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असल्यामुळे त्यांना मोठ्या पडद्याची गरज भासली, तेव्हा आम्ही लॅपटॉप टीव्हीला जोडला. जुन्या मॉनिटरांसारखे दिसण्याचे पर्याय सेटिंगमध्ये आहेत, मॅकिंटॉश, कमोडोर वगैरे. त्यांतला आयबीएम ५१५१ चा हिरवा पडदा बाबांनी हट्टाने निवडला, कारण त्यांच्या कार्यालयात आलेला पहिला संगणक तसाच हिरवा होता. मी दोन दिवस सोसले आणि मग गुपचूप पांढऱ्यावर आणले.

या दोन रंगांचा खरा उपयोग भीती आणि दया यांच्यासाठी आहे. रक्त लाल दिसत नाही, म्हणून किळस येत नाही, आणि किळस येत नाही म्हणून आपण बघत राहतो. कापलेला हात, चिरडलेले शरीर, तोंड उघडे ठेवून गेलेला पोरगेला शिपाई, हे सगळे लाकडात कोरलेल्या ठशासारखे समोर येते, आणि त्याच्याजवळ आपण पाच-पाच मिनिटे उभे राहून त्याच्या कोटाची बटणे पाहत असतो. मधेच आपल्या लक्षात येते की आपण काय करतो आहोत. बाबा म्हणाले, “अपघाताच्या जागेवर असंच होतं. आधी नंबर प्लेट बघतो, मग घरी गेल्यावर जेवण जात नाही.”

कंपनीबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. खेळातले जहाज लंडनहून निघाले ते १८०२ हे साल इंदूरच्या मराठी माणसाला दुसऱ्याच कारणाने पाठ असते. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरे बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबरला त्यांनी वसई येथे या कंपनीशी तह केला. १८०४ मध्ये यशवंतरावांनी कंपनीच्या कर्नल मॉन्सनला माघार घ्यायला लावली. डिसेंबर १८०५ मध्ये दोघांत राजघाटचा तह झाला. म्हणजे ‘ओब्रा डिन’ समुद्रात भरकटत होते त्या पाच वर्षांत ही कंपनी आमच्या माळव्यात काय करत होती ते आम्हाला ठाऊक आहे, आणि खेळात मात्र आम्ही तिच्याच नोकरीत, तिच्याच वहीत, तिच्याच पैशाचा हिशेब करत बसलो होतो. खेळ हे लपवत नाही. शेवटी जो हिशेब हाती येतो त्यात कोणाच्या वारसांना भरपाई आणि कोणाच्या वारसांना दंड हे माणसाच्या हुद्द्यावर आणि वर्तनावर ठरते, आणि तो कोरडा कागद वाचताना पोटात खड्डा पडतो, इतक्या जवळून आपण त्या माणसांना ओळखलेले असते.

पण एका बाबतीत मी समाधानी नाही. जहाजावर भारतातले खलाशी आहेत आणि त्यांची नावे अब्राहम अकबर, विल्यम वसीम अशा धर्तीची आहेत. त्यांच्या देशाच्या रकान्यात केवळ ‘भारत’ लिहिले आहे. तो माणूस सुरतेचा, कोकणातला की चितगावचा, याचा पत्ता नाही, आणि त्या काळच्या जहाजांवर तर हे तिन्हीकडचे लोक असत. वहीच कंपनीच्या दृष्टीने लिहिलेली आहे, त्यामुळे नावांची मोडतोड मुद्दाम केली असेल, असा बचाव करता येईल. बाबांनी तो केलाही, कारण त्यांच्या कार्यालयातल्या पॉलिसींवर आमचे स्वतःचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले होते. मला तो बचाव पटत नाही. इंग्रज, रशियन, स्वीडिश नावे जितकी अचूक वाटतात तितकीच ही नावे अडखळवतात, आणि ज्या खेळाचा सगळा भर माणसाला त्याच्या नावाने ओळखण्यावर आहे, तिथे हा निष्काळजीपणा टोचतो.

उरलेल्या तक्रारी लहान आहेत, पण आहेत. एखादे दृश्य पहिल्यांदा पाहताना तिथे किती वेळ थांबायचे हे खेळ ठरवतो. आपण कोपरा न्याहाळत असतानाच वही पुढ्यात उघडते आणि लय तुटते. पुन्हा पाहायचे तर त्या मृतदेहापर्यंत चालत जावे लागते, आणि काही मृतदेह दुसऱ्याच्या आठवणीतच सापडतात, तेव्हा एका आठवणीतून दुसरीत असा वळसा घ्यावा लागतो. शेवटच्या दहा-बारा माणसांच्या वेळी ही पायपीट कंटाळवाणी होते. मधल्या काही प्रकरणांत समुद्रातून जे येते त्याबद्दल काही सांगत नाही, एवढेच म्हणतो की माणसांनी माणसांशी केलेल्या व्यवहाराची प्रकरणे मला त्याहून सरस वाटली. जहाजाचे शब्दही सुरुवातीला जड जातात. माळव्यात समुद्र नाही. ट्रकचा प्रत्येक सुटा भाग नावाने ओळखणाऱ्या बाबांना डोलकाठीवर चढणारे खलाशी आणि डेकवरचे खलाशी यांत फरक असतो हे वहीच्या शब्दसूचीवरून शिकावे लागले, आणि तो फरक उत्तरांसाठी फार महत्त्वाचा आहे.

खेळायला भारी संगणक लागत नाही. माझा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, त्यात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, तरी कुठे अडकला नाही. वेळ आम्हाला साधारण चौदा तास लागला; एकटा चपळ माणूस आठ-नऊ तासांत संपवेल, पण त्याने तसे करू नये. रोज तासभर, शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन, आणि इंटरनेटवर काहीही न शोधता खेळावा. लहान मुलांसाठी नाही, कारण मृत्यू पानोपानी आहे.

आता आमच्या अहवालाचे काय झाले ते सांगतो. शेवटी चार खलाशी उरले, चौघेही एकाच देशाचे, एकाच कामाचे, आणि एकाचेही नाव कोणी कधी उच्चारलेले नाही. मी कंटाळून अदलाबदल करत नावे टाकत गेलो, आणि पाचव्या का सहाव्या फेरीत घंटा वाजून नोंदी छापील झाल्या. मी हात वर केले. बाबांचा चेहरा उतरला. “छापून आलं म्हणजे पुरावा झाला का?” त्यांनी विचारले. आकाश भरून आले होते, होडीवाला वादळ येते आहे म्हणून निघण्याची घाई करत होता, आणि खेळाच्या दृष्टीने आमचे काम संपलेले होते; तरीही त्यांनी मला जहाज सोडू दिले नाही. पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही बरोबर असलेल्या उत्तरांची कारणे शोधत जहाजभर फिरलो. दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला, एका आठवणीत, जिथे मरणारा माणूस एका टोकाला आहे आणि बाकीचे खलाशी टांगलेल्या झोळ्यांत झोपलेले आहेत, तिथे त्यांनी मला थांबवले आणि झोळीला अडकवलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक वाचायला सांगितले, मग झोळीबाहेर आलेले पाय दाखवायला सांगितले. यादीतला क्रमांक आणि पायातले जोडे जुळले. त्यांनी चारही क्रमांक वहीत लिहून घेतले, खाली तारीख आणि सही केली, आणि मगच मला होडीकडे जाऊ दिले.